कॉइल – नेहमीची

दुपारचे तीन. कपाळ बेंचवर टेकलंय. सोल्डरिंग आयर्न बंद केलं का, आठवत नाही. डोळे मिटतात तोच समोर मृदुला बसलेली. चार महिन्यांपूर्वी मी तिला अग्नी दिला.

ती डाव्या हाताने सुईवर तांब्याची तार गुंडाळते आहे, केसाएवढी बारीक. ही कॉइल ट्रान्झिस्टरला डीसी पोचवते आणि रेडिओचा सिग्नल मागे सप्लायमध्ये जाऊ देत नाही. कॉइल चुकली की अ‍ॅम्प्लिफायर आपणहून शिट्टी मारायला लागतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. माझ्या हातून दोन जळलेत. तिसरा शेवटचा. तिच्या वहीत एवढंच आहे: 'कॉइल – नेहमीची.' रोज ते पान बघून माझं डोकं फिरतं.

"किती वेढे?" मी विचारतो.

"दिवेकर, आधी चहा तरी घ्या."

लॅबमध्ये ती माझी साहेब होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी बेंचवर मी दिवेकर, स्वयंपाकघरात अहो.

चहा घ्यायला वळतो तर ओटा नाही, हॉस्पिटलची रांग आहे. ती माझ्या पुढे उभी, हातात फाइलऐवजी तिच्या अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड. तिचा नंबर पुकारतात, ती हलत नाही.

"बोर्डात एक मिलिअँपिअर जास्त गेला तर तुला जेवण जायचं नाही," मी म्हणतो. "आणि छातीतली गाठ सात महिने कळली नाही?"

"कळली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हा बोर्ड पुरा करू दिला नसतात."

"नसताच दिला."

"म्हणून."

मी ओरडतो. तुझा बोर्ड फोडून टाकतो, म्हणतो. रांगेत कुणी वळूनही बघत नाही. ती तार गुंडाळतेच आहे, आणि आम्ही पुन्हा आमच्या बेंचवर आहोत. ती तार दातांनी तोडते. यावरून मी तिला जन्मभर बोललो.

"अहो," ती म्हणते, "नीट धरा. नाहीतर तिसराही जाळाल."

जाग येते. आयर्न गार आहे. मुठीत तिची सुई, सुईवर कॉइल. झोपेत मीच गुंडाळली असणार. पण मी उजव्या हाताचा, आणि हे वेढे उलटे आहेत.

भिंग लावून मोजतो. अकरा.

अकरा. एवढं लिहायला काय झालं होतं तुला?