बुधवारची बरणी

पाळकबाईंचा फोन आला तेव्हा मी धायरी फाट्यावर पत्रकं वाटत उभी होते. एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात फोन. "रिबका, एस्तेरमावशी गेल्या गं. सकाळी चहा करून खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच." मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. मग समोरून येणाऱ्या माणसाला पत्रक दिलं, त्याने ते न वाचताच चुरगाळून टाकलं आणि मला असा काही संताप आला की मी त्याच्यामागे दहा पावलं गेले. "वाचून तरी टाका!" म्हणून ओरडले. तो वळला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. आपण रडतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने वाकून कागद उचलला, सरळ केला, खिशात ठेवला आणि गेला... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मावशींबद्दल लिही असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा वाटलं, सोपं आहे, मला लिहायची सवय आहे. पत्रकात दोषी कोण हे पहिल्या चार ओळींत सांगायचं असतं. तेव्हा तेही सांगून टाकते. दोषी मी.

एस्तेरमावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. येरवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली होती. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, ऑपरेटर म्हणून. ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या त्या. अर्ध्या पुण्याच्या सोयरिकी, भांडणं, मयती त्यांच्या हातून गेल्या, पण त्यातली एकही त्यांच्या तोंडून बाहेर आली नाही. "लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा," असं म्हणायच्या. निवृत्तीनंतर आमच्या चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनासभेतलं विनंत्यांचं काम त्यांच्याकडे आलं. पूर्वी लोक उभे राहून विनंती सांगत. सांगताना अर्धं लपवत, आणि जे सांगत त्यावर शेजारपाजारचे आठवडाभर बोलत. मावशींनी एका बुधवारी घरून लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली आणि टेबलावर ठेवली. ज्याला जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून आत टाकायचं. सभा संपली की मावशी बरणी पिशवीत घालून घरी न्यायच्या, आठवडाभर एकेका चिठ्ठीसाठी प्रार्थना करायच्या आणि पुढच्या बुधवारच्या आत सगळ्या जाळून टाकायच्या. कितीही धुतली तरी बरणीचा मेथी-हिंगाचा वास गेला नव्हता. तो चिठ्ठ्यांनाही लागायचा. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "काय मावशी, आमच्या विनंत्या मुरतायत की नाही?" मावशी म्हणाल्या, "मुरायला वेळ लागतो साहेब. प्रवचनासारखं नाही, की आजचं आज संपवलं."

हे असं सरळ चेहऱ्याने. मंडळीतले वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले आणि जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून स्वतःच्या गुडघेदुखीपर्यंत यायला लागले, की पहिल्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली."

मी चर्च सोडल्यात जमा होते. कॉलेजात असतानाच सफाई कामगारांच्या संघटनेत गेले. ठेक्यावरच्या बाया, त्यांचे हातमोजे, ओळखपत्रं, सुट्ट्या, हेच माझं काम झालं. 'आम्ही प्रार्थना करतो' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. काम टाळण्याचा सभ्य प्रकार वाटायचा तो. अजूनही पुष्कळदा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एका दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चिठ्ठ्या वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. तुझं वाचणं स्पष्ट आहे."

"मावशी, माझा या सगळ्यावर विश्वास नाही राहिला."

"विश्वास मी लावते. तू चष्मा लाव."

असं माझं दर गुरुवारी दुपारी त्यांच्या खोलीत जाणं सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात मी खवचटपणे माझीही एक चिठ्ठी आत टाकली होती, पाठपोट भरलेली. ठेकेदाराचं नाव, त्याने काय काय केलं, प्रभूने त्याचं काय करावं. मीच ती वाचून दाखवली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "खाली 'प्रत माहितीसाठी' कुणाकुणाला काढलीस?" मग म्हणाल्या, "बाई, ही विनंती नाही, हे निवेदन आहे. यात तुला काय हवंय ते कुठेच नाही. परत लिहून आण." मी परत लिहिली नाही. मला काय हवंय ते एका ओळीत लिहायचं म्हटल्यावर जमलंच नाही.

त्यांची प्रार्थना मी जवळून पाहिली ती त्या दोन वर्षांत. मी चिठ्ठी वाचायची. त्या ती हातात घ्यायच्या, माणसाचं नाव घ्यायच्या, मागणं जसंच्या तसं म्हणायच्या. त्यात स्वतःचं एक अक्षर घालायच्या नाहीत. मग बराच वेळ गप्प. मी एकदा विचारलं, "आता काय चाललंय?" तर म्हणाल्या, "आता त्यांचं दोघांचं बोलणं चाललंय. आपण मध्ये बोलायचं नसतं." मला हसू आलं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की त्या गप्प असताना मीही गप्प बसते. घड्याळ बघत नाही. आठवडाभर घोषणा देऊन बसलेला घसा त्या खोलीत जरा ओलावायचा. याला प्रार्थना म्हणायचं की नुसता थकवा, मला तेव्हाही कळलं नव्हतं... आताही कळत नाही.

गेल्या वर्षी एका गुरुवारी सुनंदाताईंची चिठ्ठी निघाली. सुनंदाताई आमच्याच मंडळीतल्या, एका मोठ्या गृहसंकुलात ठेक्यावर कचरा उचलायच्या. लिहिलं होतं: 'उजव्या हाताच्या तीन बोटांना काच लागली आहे. जखम चिघळली. लवकर भरू दे. ठेकेदाराला कळू नये.' मी वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. ओल्या कचऱ्यात फुटक्या काचा, हातात मोजे नाहीत, आणि ही बाई प्रार्थना कसली करते, तर मालकाला कळू नये! मावशींनी नेहमीसारखी चिठ्ठी हातात घेतली, नेहमीसारखं नाव घेतलं. मी मात्र त्या वेळी गप्प नव्हते. मी मनात पत्रक लिहीत होते.

आणि लिहिलं. 'हातमोजे कुठे आहेत?' असा मथळा. त्यात एका बाईची उजव्या हाताची तीन बोटं चिघळल्याचं, ती भीतीपोटी जखम लपवत असल्याचं. नाव घातलं नाही, याचा मला अभिमान होता. आम्ही ते त्याच संकुलाच्या दारात वाटलं. पत्रक गाजलं. रहिवासी भडकले, सोसायटीने ठेकेदाराला बोलावलं, आणि पंधरा दिवसांत तिथल्या सगळ्या बायांना जाड रबरी मोजे मिळाले. सगळ्यांना, एक सोडून. पत्रक निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुकादमाने बायांना रांगेत उभं करून हात दाखवायला लावले होते. सुनंदाताईंना त्याच दुपारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मावशींना हे कळलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले होते. मी आधीच तावातावाने सुरू केलं. म्हटलं, "मी नाव घातलं नव्हतं."

"नाव कशाला लागतं? हात तिचाच होता ना?"

"आणि तुमच्या प्रार्थनेने मोजे मिळाले असते?"

"नसते मिळाले." मग म्हणाल्या, "मोजे तू मिळवलेस. चांगलं काम केलंस. पण ती चिठ्ठी तुला लिहिली नव्हती गं."

बस. एवढंच. याऐवजी त्या ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या, आणि पाठमोऱ्या असतानाच म्हणाल्या, "तिच्याकडे जाऊन ये." मी हो म्हटलं. गेले नाही. पोलीस चौकीत, साहेबांच्या केबिनमध्ये, कुठेही घुसणारी मी, पण सुनंदाताईंच्या चाळीच्या जिन्यापाशी दोनदा जाऊन परत आले. नंतर कानावर आलं की सुनंदाताईंना कात्रजला काम लागलं. दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं. बुधवारच्या सभेला त्या येईनाशा झाल्या, मग रविवारीही दिसेनाशा.

मंडळीत गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? पुढच्या बुधवारी बरणीत दोन चिठ्ठ्या होत्या, त्याच्या पुढच्या बुधवारी एकही नाही. मग रिकामीच. तरी मावशी दर बुधवारी ती पिशवीतून आणायच्या, टेबलावर ठेवायच्या, सभा संपल्यावर कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायच्या आणि पुन्हा पिशवीत घालायच्या. लोक दुसरीकडे बघायचे. त्यांना हात धरून आणायला म्हणून येणारी मी जमिनीकडे. एकदा, फक्त एकदाच, तळाशी एक चिठ्ठी निघाली. गुरुवारी मी सवयीने हात पुढे केला. मावशींनी मूठ मिटली. "राहू दे. ज्याने वाचायची त्याने वाचली." आणि तशीच न उघडता, मिठीत धरावी तशी मूठ छातीशी धरून बराच वेळ बसल्या. मी समोर बसून होते. म्हणजे माझं तिथलं काम संपलं होतं. तरी त्यांनी मला गुरुवारी यायला बंदी केली नाही. बिस्किटं पुढे करायच्या, ठेकेदारांची चौकशी करायच्या, आणि निघताना दर वेळी एकच विचारायच्या, "जाऊन आलीस?"

त्यांच्या दफनाच्या वेळी सुनंदाताई आल्या होत्या. कामावरचा डबा हातात तसाच. माती टाकून झाल्यावर माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हातारी चार वेळा आलती माझ्याकडं. तीन जिने चढून. दर टायमाला एकच, चूक माझी हाय, मी दुसऱ्याच्या हातात दिली चिठ्ठी, मला माफ कर म्हनायची. मी म्हनलं, मावशी, तुमी कशाला? तर म्हनल्या, बरनी माझी हाय."

मला वाटलं होतं त्या माझी वाट बघतायत. त्या वाटही बघत होत्या आणि माझ्या वाटणीचे जिनेही चढत होत्या... गुडघ्यांची काय अवस्था होती त्यांच्या, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मंडळीच्या गुडघेदुखीच्या प्रार्थनांना त्या 'तीन मिनिटं झाली' म्हणायच्या, पण स्वतःच्या गुडघ्यांसाठी त्यांनी बरणीत कधी चिठ्ठी टाकलेली मला आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले. तीन जिने. दारात उभी राहून मी सुरू झाले: मोजे मिळाले ते महत्त्वाचं होतं, पण पद्धत चुकली, ठेकेदारी व्यवस्थाच अशी आहे की... सुनंदाताई भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाषन नगं. कशाला आलीस ते बोल."

"चुकले. माफ करा."

एवढे तीन शब्द. पाठपोट कागद भरणाऱ्या बाईला ते म्हणायला वर्ष लागलं. सुनंदाताईंनी हातातलं देठ खुडून संपवलं. मग म्हणाल्या, "बघू." आणि माझ्याकडे मेथीची जुडी सरकवली. मी निवडायला बसले. त्यांची उजव्या हाताची तीन बोटं नीट वळत नाहीत. देठ खुडताना त्या डावा हात वापरतात. मला ते बघावं लागलं. मोर्च्याच्या फलकावर जखमा रंगवणं वेगळं. ही जखम भाजी निवडत होती.

मावशींच्या भाच्याने खोली रिकामी केली तेव्हा बरणी मला आणून दिली. "आत्या म्हणाली होती, रिबकाला द्या." मी ती घेतली आणि कपाटावर ठेवली, पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी. मला ती नको होती. मी दमले आहे. सभा, निवेदनं, सुनावण्या, पुन्हा निवेदनं... आणि त्यात आता ही. ज्याचा विश्वासच ठिकाणावर नाही त्याने लोकांच्या विनंत्या वाहायच्या? पण दर बुधवारी मी ती पिशवीत घालून नेते, टेबलावर ठेवते. चार बुधवार रिकामी परत आणली. हात घालून तळ चाचपला, दर वेळी.

गेल्या बुधवारी सभा अर्धी झाल्यावर सुनंदाताई आल्या. कात्रजची बस उशिरा आली असणार, खांद्याला पिशवी तशीच. त्या माझ्याकडे बघून हसल्या वगैरे नाहीत. टेबलापाशी गेल्या, घडी घातलेला कागद त्या न वळणाऱ्या बोटांत धरून बरणीत टाकला आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

गुरुवारी दुपारी मी ती चिठ्ठी बाहेर काढली. त्यांच्या हाताबद्दल असेल, कामाबद्दल असेल, माझ्याबद्दलही असेल. मला ती वाचायची होती. खोटं कशाला बोलू, फार वाचायची होती. मूठ मिटली, सुनंदाताईंचं नाव घेतलं आणि गप्प बसले. मनात एकही वाक्य जुळवलं नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. किती वेळ गेला, बघितलं नाही. मग चिठ्ठी जाळली, तशीच, घडी न मोडता. नंतर कामाला बसले, तर लिहिता लिहिता तळहाताला वास येत राहिला, मेथीचा आणि हिंगाचा.