कुर्दी पोलिसांचं नाव आणि माझं ‘नथिंग’

“तुम्हा लोकांना नावं बदलायची भारी हौस, नाही का गं?”

अनिरुद्धदादा हसत म्हणाला. मराठीत. मीटिंगच्या टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. मराठी कळणारे दोघंच, तो आणि मी. तो हसला म्हणून बाकीचेही हसले.

शेजारच्या वेई लिंगने मला कोपराने ढोसलं. “काय म्हणाला?”

“नथिंग, लाह,” मी इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाह’ लावून म्हणाले. आणि मीही हसले.

ते हसू अजून माझ्या तोंडात आहे. शिळ्या घासासारखं.

आमचं ऑफिस इथे परदेशात, तोआ पायोह भागात आहे. आम्ही एक इंग्रजी ऑनलाइन ज्ञानकोश चालवतो. पश्चिम आशियाची पानं माझ्याकडे. त्यात कुर्दी प्रदेशातल्या एका पोलीस दलाचं पान होतं. मथळा, ‘कुर्दी मिलिशिया’. म्हणजे कुणाच्या तरी हाताखालची बंदूकधारी टोळी. एका कुर्दी बाईचा मेल आला. तिची बहीण त्या दलात आहे, चौकात उभी राहून वाहतूक सांभाळते. तिने लिहिलं होतं, आमच्या पोलिसांना आमच्या भाषेत नाव आहे. त्याचा अर्थ सुरक्षा. ते का वापरत नाही?

मी तपासलं. कायदा, गणवेश, ठाणी, सगळं होतं. दलाबद्दल तक्रारीही होत्या. त्या पानावर तशाच ठेवल्या. फक्त मथळा बदलला. त्यांचं नाव त्यांना दिलं.

त्यावरून ती मीटिंग. अनिरुद्धदादा आमचा मुख्य संपादक, पुण्याचा. “मोठी वर्तमानपत्रं मिलिशियाच म्हणतात. स्वतःला कोणीही काहीही म्हणवून घेईल. नाव जग ठेवतं,” तो इंग्रजीत म्हणाला. प्रचलित नाव वापरायचं, हा आमचा नियम आहे. इथवर ठीक होतं. मग तो माझ्याकडे वळला आणि ते मराठी वाक्य म्हणाला.

ते कुर्दांबद्दल नव्हतं.

माझं आडनाव वडिलांनी बदललंय. मला इंग्लिश मीडियमला घालताना. गावाच्या नावाला ‘कर’ जोडलं, म्हणजे कोणी जात विचारणार नाही. ऑफिसात आले तेव्हा अनिरुद्धदादाने विचारलं, “कोकणातले का गं तुम्ही?” मी नुसती मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही. त्याने समजायचं ते समजून घेतलं. मी समजू दिलं. गणपतीला त्यांच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत बोलावणं आलं. वहिनींनी सगळ्यांना सांगितलं, “आपल्यातलीच आहे हो.” मी मोदक खाल्ले.

मग, त्या मीटिंगच्या थोडं आधी, आई राहायला आली. बुकित पंजांगच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने बॅगेतून आधी फोटो काढला आणि हॉलच्या भिंतीला लावला. निळा कोट, जाड चष्मा. एका रविवारी दादा-वहिनी तिला भेटायला म्हणून न सांगता आले. दादाने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वहिनींनी चहाच्या कपाला हात लावला नाही. “आत्ताच झाला हो घरी.” बसले न बसले तोच उठले.

आईने दोन्ही कप सिंकमध्ये ओतले. “सवय आहे आपल्याला,” ती म्हणाली.

मी काय म्हणाले? “आई, फोटो आतल्या खोलीत लावूया का?”

तिने स्वतःच्या हाताने काढून आत नेला. 

मीटिंगनंतर मी मथळा परत ‘कुर्दी मिलिशिया’ केला. अनिरुद्धदादा माझ्या खुर्चीमागे उभा होता. “शहाणी आहेस,” म्हणाला. त्या बाईला नकाराचं उत्तरही मीच लिहिलं. सभ्य, निर्दोष इंग्रजीत. ह्याच इंग्रजीसाठी वडिलांनी आडनाव सोडलं होतं. तिचं उलट उत्तर आलं. “काही हरकत नाही. आम्हाला सवय आहे.”

ती ओळ मला आईच्या आवाजात ऐकू आली. आईला ती सवय ज्यांनी लावली, त्यांचा मला आयुष्यभर राग आला. या बाईला लावणाऱ्यांत मी होते.

पुढच्या मीटिंगमध्ये मी बोलले. मी बोलणारी मुलगी नाही. 

“वेई लिंग, तू विचारलं होतंस ना, तो काय म्हणाला?”

आणि मी त्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, तेही सांगितलं. माझ्या आजोबांचं आडनाव सांगितलं.

“अगं, गंमत केली मी,” तो मराठीत म्हणाला.

“इंग्लिशमध्ये सांगा, अनिरुद्ध. सगळ्यांना कळू दे.”

त्याने सांगितलं नाही. या वेळी कोणी हसलंही नाही. मी तिथेच लॅपटॉप उघडून मथळा बदलला. ‘मिलिशिया’ खाली नेलं, बाहेरचे लोक असं म्हणतात, अशा वाक्यात. बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. आजोबांच्या आडनावासकट.

घरी येऊन फोटो पुन्हा हॉलमध्ये लावला. आई बघत राहिली. “नोकरी राहील ना गं?”

माहीत नाही. माझा वर्क पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्याच्या शिफारशीवर आहे. त्या बाईची माफी मी अजून मागितलेली नाही. मथळा बदलला म्हणून तिला पाठवलेलं ते उत्तर पुसलं जात नाही. ते मी लिहिलं होतं.

त्याने मथळा फिरवला तर मी परत बदलेन. मला काढलं तर निघताना बदलून जाईन. आणि पुन्हा कोणी शेजारून विचारलं, “काय म्हणाला?”, तर जसंच्या तसं सांगेन. त्याच्यासमोर.