मामाच्या जमिनीची फाइल

आमच्या अणशी गावच्या स्टॉपवर त्या सकाळी आम्ही तिघंच होतो. अप्पा, मामा आणि मी. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून नुकतीच घरी आलेली मी आता वकिली शिकायला बेळगावला निघाले होते. अप्पांना हे पटलं नव्हतं. "डिग्री हाय न्हवं? मग आनी तीन वर्सं कशाला?" हेच त्यांचं आठवडाभर चाललं होतं. मामा मात्र गणेशगुडीजवळच्या वस्तीवरून मुद्दाम आला होता. "जाऊंद्या की दाजी. आपल्या मानसांत कागद वाचनारं येक तरी नको व्हय?" अप्पांनी माझी पिशवी उचलून दिली आणि मी बसमध्ये चढले.

गावातच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, आम्ही शहरात सुटलो. पहिलं वर्षभर मला वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. झाडांची शास्त्रीय नावं पाठ होती, पण वकीलपत्र कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. सनद मिळाल्यावर एका वकीलबाईंकडे ज्युनिअर म्हणून लागले. काळा कोट, काखेत फायली, कोर्टात कन्नड, अशिलांशी मराठी. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे सांगायला नको.

चौथ्या महिन्यात बाईंनी एक फाइल वाचायला दिली. आमचा अशील गणेशगुडीकडे रिसॉर्ट बांधणारा. शेजारच्या तुकड्यावर त्याचा दावा होता. तिथं कुणाचीच वहिवाट नव्हती, सगळी रानझाडं, असं त्याचं म्हणणं. प्रतिवादीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मामा होता तो.

आत फोटो होते. फणसाची सात झाडं, एकाच वयाची, सारख्या अंतरावर. रान असं ओळीत उगवत नाही. ती लावलेली झाडं होती, म्हणजे तिथं वहिवाट होती.

मी फाइल घेऊन बाईंसमोर उभी राहिले. नातं सांगितलं, झाडांचंही सांगितलं. त्यांनी फोटो बघितले आणि फाइल आपल्याकडं ओढून घेतली.

"आजपासून तू या केसमध्ये नाहीस. पण वाचलंस ते वाचलंस. घरी एक शब्दही बोलायचा नाही. सनद घेतलीस ना?"

बातमी माझ्याआधी गावात पोचली. भातलावणीला घरी गेले, तर मामा पडवीत बसलेला.

"तू त्यांच्या आफिसात हाईस म्हनं. काय हाय त्यांच्या कागदांत?"

"मामा, ते मला सांगता यायचं न्हाई."

"मग तुला शिकवली कुनासाटी, बाय?"

'झाडं मोजून घ्या' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलेलं होतं. आई दारात उभी होती, अप्पा खाली बघत होते. मी पानाचं तबक मामापुढं सरकवलं. मामा पान न खाताच उठला. पुढं वर्षभर तो आमच्याकडं फिरकला नाही. फोनवर आई रोज तेवढंच म्हणायची, "त्याचा सभाव तुला ठावं हाय." रविवारी खोलीत एकटी असताना मी ते झाडांचं वाक्य मनात कितीदा तरी म्हणून टाकलं.

शेवटी मामाच्याच वकिलानं जागेची पाहणी मागितली. कोर्टानं कमिशनर पाठवला, त्यानं झाडं मोजून अहवाल दिला. केस अजून चालू आहे, पण तोवर रिसॉर्टवाल्यानं जमिनीला हात लावायचा नाही, अशी मनाई कोर्टानं मामाच्या बाजूनं दिलीय. जमीन आज तोच कसतो.

मागच्या महिन्यात तो आला. जेवताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "माजा वकील माजं कागद आसंच गुपित ठेवतोय न्हवं?"

"व्हय मामा. ठेवायलाच लागतात."

"हं," म्हणाला आणि भात पुढं ओढला.

लहानपणी घर म्हणजे काहीही बोलावं अशी जागा होती. आता तिथं जाताना बसमध्येच ठरवावं लागतं, काय बोलायचं आणि काय नाही. तरी जाते. माझं गप्प बसणं सोसून वाट बघणारी माणसं मला दुसरीकडं नाहीत.