कादंबरीत नसलेला बाप

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुस्तक वाचताना रडू यायचं. चोरून नाही, चारचौघांत. मोठ्यानं वाचता वाचता आवाज फुटायचा, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसायचे आणि त्याच ओळीपासून पुन्हा सुरू करायचे. पेपर मिलमधले कामगार त्यांना टरकून असत. आई गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही. पण कादंबरीतलं कुणी गेलं की घरात दोन दिवस सुतक असायचं.

मला वाचायला त्यांनीच लावलं. जळगावला गेले की माझ्यासाठी बांगड्या नाही, पुस्तक यायचं, आणि त्याला मिलमधल्या जाड कागदाचं कव्हर ते स्वतः घालायचे. "वाचलेलं अंगी लागलं पाहिजे, बेटा," हे त्यांचं नेहमीचं. त्या वयात अण्णांइतकं मला कुणीच आवडत नव्हतं, हे आजही कबूल करते.

मग दिलीप आवडू लागला. तो इतवारा बाजारात मामाच्या कापडाच्या दुकानात असायचा आणि दर आठवड्याला आमच्याकडून पुस्तक न्यायचा. अण्णा त्याला समोर बसवून चहा पाजत, "ह्या पोराला समज आहे," म्हणत. आम्हांला लग्न करायचंय असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. "पोरगा सोन्यासारखा आहे. पण दुसऱ्याच्या दुकानात तागे उलगडतो. तू काय खाशील, पुस्तकं?"

वर्षाच्या आत मला इच्छापुरकडच्या केळीच्या बागायतदारांकडे दिली. यजमान वाईट नाहीत. ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत. केळीच्या भावाखेरीज माझ्याशी काही बोलत नाहीत, इतकंच. माहेरी गेले की अण्णा विचारायचे, "तुला काही कमी आहे का?" कमी काहीच नव्हतं. ते ऐकून त्यांना बरं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर अण्णा आमच्याच शहरातल्या लालबाग मोहल्ल्यात राहायला आले आणि मिलमधल्या जुन्या मराठी मंडळींना रविवारी दुपारी जमवू लागले. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि मत द्यायचं, मावा-जिलेबी अण्णांकडून. एकदा त्यांनी एक जुनी, गाजलेली अमेरिकन कादंबरी निवडली. गरीब पोरगा श्रीमंताघरच्या मुलीवर जीव लावतो, ती तिच्यासारख्याच श्रीमंताशी लग्न करते, आणि हा वाटेल तसा पैसा मिळवून तिच्यासाठी हवेली घेऊन बसतो. शेवटी हाती काही येत नाही. त्या रविवारी मी लेकीला, मुक्ताला, घेऊन माहेरी आले होते. पुस्तक आम्ही दोघींनीही वाचलं होतं.

मिलमधले कुलकर्णी काका म्हणाले, "महामूर्ख माणूस. एवढी कमाई केली, दुसरी पाहायची ना भाऊ." शेजारच्या, पूर्वी कॉलेजात शिकवणाऱ्या शिंदेबाईंना दोष त्या देशाच्या हावरेपणात दिसला. मुक्ता म्हणाली, "तो प्यार थोडीच होता, ज़िद होती नुसती. त्याला ती नको होती, जीतायचं होतं." सगळे हसले.

अण्णा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "चूक त्या बाईची आहे. तिनं हिंमत करायची होती. प्रेमापुढे पैसा काय चीज आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिच्या वडिलांनी हिंमत करू दिली असती का, अण्णा?"

जिलेबीची ताटली माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "कादंबरीत बापाचा विषयच नाही. उगाच कुठलं कुठं नेऊ नको." आणि कुलकर्णी काकांकडे वळले.

पुढच्या वर्षी मुक्तानं स्वतःचं सांगितलं. मुलगा इंदोरला कोचिंग क्लासमध्ये शिकवायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा. यजमानांनी साफ नकार दिला. अण्णांनी त्यांना लालबागला बोलावून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "जावईबापू, पोरगा शिकलेला आहे, पोरीला जपतो. अजून काय देखायचं? पैशापायी पोरीचं मन मारू नका, जिंदगीभर ती माफ करणार नाही." सगळं शांतपणे बोलले, आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

लग्न ठरलं. मुक्तासाठी मी मनापासून खूश होते, आणि अण्णांचा असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांना ताट वाढलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते, की ह्या माणसाला कळतच नाही. त्यांना सगळं कळत होतं.

गेल्या थंडीत अण्णा गेले. शेवटचे काही दिवस मीच पेज भरवत होते. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं, 'तेव्हा माझं चुकलं', एवढंच. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहायचे, मी चमचा हातात धरून थांबायची, आणि ते विचारायचे, "जावईबापू जेवले का?"

तेराव्याला सगळे पांगल्यावर मुक्ता माझ्या गळ्यात पडून रडली. "आई, तू किती लकी आहेस. असे बाबा होते तुला."

मी "हो" म्हटलं. दाराबाहेर तिचा नवरा वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवत होता.