निफाडच्या उसातला ब्लॉक

ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मी घेतली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. कॉलेजात असताना गल्लीतल्या एकाकडे तशी गाडी होती आणि तिचा आवाज माझ्या कानात राहिला होता, एवढंच कारण. नवरा म्हणाला, "चालवणार तू आणि ढकलणार मी, असंच ना?" तरी घेतली. रविवारी सकाळी गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढा आमचा प्रवास.

मग एकदा त्र्यंबकेश्वराहून परत येताना उतारावर इंजिन जाम झालं. आवाज एकदम थांबला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊन गाडी घसरत निघाली. मागून एसटी येत होती. क्लच कसा दाबला, कडेला कशी आले, मला नीट आठवत नाही. एसटी हॉर्न वाजवत अगदी खेटून गेली आणि तिच्या वाऱ्याने माझी ओढणी तोंडावर आली, ते मात्र आठवतं.

माझे मिस्त्री नाशिकमध्येच, द्वारका चौकाच्या बाजूला एका बोळात काम करतात. त्यांनी इंजिन उघडलं आणि पिस्टन माझ्या हातात ठेवला. त्यावर कुणी खिळ्याने ओरबाडावं तसे चरे होते.

"पिस्टन मिळेल मॅडम, कसातरी. पण ब्लॉक गेला, ज्यात हा वरखाली होतो तो. आधीच्या मालकाने इतक्या वेळा बोअर करून घेतलाय की आता घासायला जागाच नाही. दुसरा ब्लॉक लागेल. ओरिजिनल."

"आणि डुप्लिकेट टाकला तर?"

"टाकतो ना. पण परत उतारावर इंजिन जाम झालं तर मला फोन करू नका."

त्यानंतर मी शोधत राहिले. भंगाराच्या दुकानांमधून फिरले, मालेगावला जाऊन आले, फोनवर फोटो मागवले. कुणाकडे ब्लॉक होता तर तो फुटका, कुणाकडे चांगला होता तर वेगळ्याच मॉडेलचा. हिवाळा सुरू झाला तेव्हा एका दुपारी मिस्त्रींचा फोन आला. निफाडकडचे एक शेतकरी त्यांच्याकडे ट्रॅक्टरचं काम घेऊन आले होते. त्यांच्या भावाची तशीच गाडी मळ्यात पडून होती. "भाऊ नाशिकला मुलाकडे आहेत, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. घरी वहिनी आहेत. नंबर देतो. पाने घेऊन जा, नट कसे सोडायचे ते मी फोनवर सांगतो."

नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी एकटीच कार घेऊन गेले. मळा शोधण्यात वेळ गेला आणि पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वस्ती एकटी, तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंच ऊस. साठीच्या पुढच्या एक मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी चहा पाजला आणि उसाच्या कडेने मला मागच्या पत्र्याच्या खोलीकडे नेलं. पूर्वी तिथे पाण्याची मोटर होती. दार पत्र्याचंच, कडी तुटलेली, तारेने बांधलेलं. बाहेर खुंटाला एक शेळी होती.

आत खतांच्या रिकाम्या गोण्यांखाली गाडी होती. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांची घरं, पण इंजिन कुणी उघडलेलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मातीत बसले. नटांवर डिझेल ओतलं आणि कामाला लागले. पहिला नट सुटला, दुसरा सुटला. मावशी दारात उभ्या राहून गमतीने बघत होत्या. "आमचे मालक या गाडीवर मला माहेरी न्यायचे," त्या म्हणाल्या. "आवाज आला की समदं गाव बाहेर यायचं."

तिसऱ्या नटाशी झगडत असताना त्या बोलायच्या थांबल्या. मी वर पाहिलं. त्या शेळीकडे बघत होत्या. शेळी दोर ताणून आमच्याकडे तोंड करून उभी होती. ओरडत नव्हती, चारही पाय नुसते थरथरत होते. उसाच्या आत टिटव्या ओरडत उठल्या.

मावशी दोन ढांगांत बाहेर गेल्या, दावं सोडलं, शेळीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वाघ हाय."

निफाडकडे वाघ म्हणजे बिबट्या, हे मला माहीत होतं. पेपरात रोज वाचत होते. वाचताना चहा पीत होते. आता हातातला पाना खाली पडला. मावशींनी माझा दंड घट्ट धरला.

"दाराला कडी नाय," त्या कुजबुजल्या. "गाडी लावू."

आम्ही दोघींनी ती गाडी दाराकडे ढकलली. चाकं फिरत नव्हती, मातीत ओळ उमटवत ती इंचाइंचाने सरकली. हँडल पत्र्याला टेकलं तेव्हा मोठा आवाज झाला. दोघी गाडीला पाठ लावून खाली बसलो. शेळी मधे.

बाहेर काहीच नव्हतं. मला वाटलं, उगाच घाबरलो. तेवढ्यात पत्र्याला काहीतरी घासून गेलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग वास आला. ओल्या, आंबलेल्या गोणीसारखा. दाराखाली वीतभर फट होती, तिथून येणारा उजेड एका जागी बंद झाला. त्या जागी श्वास ऐकू येत होता.

मी मावशींच्या कानात म्हटलं, "शेळीला सोडा ना बाहेर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. "गाभण हाय ती. आन् दार कोन उघडील? तुमी?"

पत्रा आत वाकला. हँडल माझ्या मानेवर दाबलं गेलं. दाराखालून एक पंजा आत आला, मातीत रुतला, परत गेला. तो इतका रुंद होता, आणि इतका शांतपणे आला नि गेला, की ओरडायलाही सुचलं नाही. मला माझी मुलगी आठवली नाही, देव आठवला नाही. गाडी जड आहे, गाडी जड आहे, एवढंच मी मनात म्हणत राहिले.

फोन माझ्या खिशात होता हे किती तरी वेळाने लक्षात आलं. रेंज अगदी जेमतेम. मावशींना दिरांचा नंबर पाठ नव्हता, त्यांचा फोन घरात. मी मिस्त्रींना लावला.

"हां मॅडम, नट सुटले का?"

"दादा, बाहेर बिबट्या आहे. आम्ही खोलीत अडकलोय. ट्रॅक्टरवाल्यांना फोन करा. लगेच."

ते म्हणाले, "या अल्लाह. फोन ठेवा. आवाज करू नका."

त्यानंतरचा वेळ मला मोजता आला नाही. उजेड पिवळा झाला, मग राखाडी. मावशींनी पदराचं टोक दातात धरलं होतं, एक हात शेळीच्या तोंडावर, दुसरा माझ्या हातात. त्यांचा हात थंडगार होता, तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्यात. पत्रा आणखी दोनदा वाजला. शेवटी दुरून ट्रॅक्टर ऐकू आला, त्याचा कर्कश हॉर्न, थाळ्या, माणसांच्या आरोळ्या, फटाक्यांची माळ. दाराखालचा अंधार सरकला आणि ऊस आतपर्यंत सळसळत गेला.

मावशींच्या दिरांनी, त्या ट्रॅक्टरवाल्यांनी, दार उघडलं. ते गाडी बाजूला करत म्हणाले, "ताई, तुमचं काम व्हायचंय ना अजून?" मी म्हटलं, नको मला काही. पण त्यांनी टॉर्चच्या उजेडात राहिलेले नट सोडवले, ब्लॉक काढून गोणीत गुंडाळला आणि माझ्या डिकीत ठेवला. हायवे लागेपर्यंत ते ट्रॅक्टर घेऊन माझ्या कारच्या पुढे चालले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, मिळाला का? मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले.

ब्लॉक बसला. मिस्त्री खूश होते. गाडी आधी कधी नव्हती इतकी छान चालू लागली. पण मी तिच्यावरून धरणाकडे गेले की रस्त्याच्या कडेचं गवत हललं तरी माझा अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात सुटत होता. वनखात्याने मळ्याजवळ पिंजरा लावला, पण त्यात काही सापडलं नाही, असं मावशींनी फोनवर सांगितलं. शेळीला दोन पिल्लं झाली होती. "बघायला या," त्या म्हणाल्या.

मी गेले, भर दुपारी, कारने. वस्तीच्या अंगणात गाडी उभी केली आणि मला दार उघडता येईना. ऊस तोडून नेला होता, सगळीकडे उघडं रान, लांबवर माणसं दिसत होती. तरी हात हँडलवरून हलेना. मावशी बाहेर आल्या. काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. दुसऱ्या बाजूने दार उघडून माझ्या शेजारी बसल्या, दार लावून घेतलं.

आम्ही काचा वर करून चहा प्यालो.

"तुम्हाला भीती नाही वाटत, मावशी? रोज इथेच राहायचं?"

"वाटती की," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ झाली का दाराभायेर पाय टाकवत नाय. पर म्हशीला पानी कोन पाजील?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. अंगणात पिल्लं उड्या मारत होती. आम्ही दोघी ती आतूनच बघत बसलो.