काठाला न गळणारी बोट

बोट दोन रात्री जेट्टीला बांधून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिवारीसाहेबांनी बाह्या सरसावल्या, बोटीच्या आतल्या तळाचं गोल झाकण फिरवून काढलं, खालच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. हात कोरडा ठणठणीत होता.

“देख लीजिए, ठोंबरे मैडम,” ते मला म्हणाले. “बोट में कुछ नहीं है. नफीसमियाँ बहाने बना रहे हैं.”

तिवारीसाहेब आमच्या कारखान्यातले मोठे अधिकारी आणि टाउनशिपच्या क्लबचे अध्यक्ष. नफीसभाई क्लबचे सेलिंग कोच. भोपाळच्या याच बड्या तलावाकाठी लहानाचे मोठे झालेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

क्लबची शिडाची बोट एकच होती, फायबरग्लासची, बरीच जुनी. तिच्यात पाणी शिरतं म्हणून नफीसभाईंनी मुलांचे क्लास बंद केले होते. मेंटेनन्सवाल्यांनी तीनदा तिच्या पोटाला थिगळं लावली, तरी नफीसभाईंचं म्हणणं तेच, की गळतेय. आता शनिवारी क्लबची कमिटी बसणार होती. बोट चांगली असूनही क्लास बंद ठेवले म्हणून नफीसभाईंना नारळ मिळणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

मला बोलावलं होतं ते फायबरग्लासमुळे. मी कारखान्याच्या इन्सुलेशन शॉपमध्ये इंजिनिअर. आम्ही विजेच्या मोठ्या मोटारींच्या कॉइल्सवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर, काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळतो आणि तिच्यात रेझिन मुरवतो. रेझिन म्हणजे वाळून दगड होणारा चिकट द्रव. बोटही त्याच मालाची असते. फरक एवढाच की कॉइलमधून वीज बाहेर येऊ द्यायची नाही आणि बोटीत पाणी आत जाऊ द्यायचं नाही. पोहणं मला येत नव्हतं. मी वाढले नागपुरात, तिथे माझा पाण्याशी संबंध बादलीपुरता.

मी नफीसभाईंना बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. पाणी नेमकं कधी शिरतं?

“हवा तेज हो और बोट करवट ले, तब,” ते म्हणाले. “खड़ी बोट तो मैडम, कभी नहीं भरती. यही तो कोई सुनता नहीं.”

मी ऐकलं. आमच्या धंद्यात ही तक्रार रोजची आहे. मोटार नुसती फिरवली तर झकास चालते, पण तिच्यावर काम लादलं, म्हणजे ती लोडवर घेतली, की दोष दिसतो. काठाला बांधलेल्या बोटीवर लोड कसला? शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते आणि एरवी पाण्याच्या वर असणारी कड पाण्याखाली जाते. मेंटेनन्सवाले पोट तपासत होते आणि दुखणं होतं खांद्याला.

तिवारीसाहेबांना हे सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण नाही म्हणायलाही जागा नव्हती.

“ठीक है,” ते म्हणाले. “आप रिपेयर कीजिए. लेकिन शनिवार को सबसे पहले आप ही बैठेंगी.”

माझ्या तोंडून ‘हो’ गेलं. पोहता येत नाही हे आठवलं ते नंतर.

बोट ट्रॉलीवरून शॉपच्या शेडमध्ये आणली. अशा बोटीचे दोन भाग असतात. खालचं कवच आणि वरचं आवरण. दोन्ही कडेला जोडतात, मधे पोकळी राहते. जोडावर सगळीकडून रबराची पट्टी असते, धक्का लागू नये म्हणून. पोकळीत आम्ही छोट्या ब्लोअरने अगदी हलकी हवा सोडली. जास्त सोडली असती तर जोडच उसवला असता. मग ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. पोटावर एक बुडबुडा नाही. रबराच्या पट्टीखालून मात्र फेस यायला लागला.

मेंटेनन्सचा फोरमन म्हणाला, तिथेच पुट्टी भरून टाकू. मी नको म्हणाले. हवा पट्टीखालून कुठूनही कुठेही जाते, फेस दिसला तिथेच भोक असेल असं नाही. पट्टी पूर्ण काढायला लावली. तो कुरकुरत स्क्रू काढत बसला. खाली बघितलं तर कधीकाळी कुणीतरी पट्टी बदलताना नवे स्क्रू मारले होते आणि जुनी भोकं उघडीच ठेवली होती. शिवाय दोन्ही बाजूंना हातभर जोड सुटलेला. पट्टीने सगळं झाकून टाकलं होतं. फोरमनची कुरकुर तिथेच थांबली.

आता सगळ्यांना रेझिन भरायची घाई झाली. इथे मी हट्टाला पेटले. आम्ही कॉइल भट्टीत सुकवल्याशिवाय तिला रेझिन दाखवतसुद्धा नाही. ओलाव्यावर रेझिन धरत नाही. वरून छान दिसतं आणि काही दिवसांनी पापुद्र्यासारखं सुटतं. बोट काही आमच्या भट्टीत मावणारी नव्हती. मग तळाचं गोल झाकण उघडं ठेवून तिच्यावर ताडपत्री टाकली, आत बल्ब लावले आणि गरम हवेचा ब्लोअर सोडला.

तिवारीसाहेबांचा रोज फोन. काम सुरू झालं का? मी म्हणायची, झालं, सुकतेय. ते म्हणायचे, सुकणं म्हणजे काम नव्हे. मी म्हणायची, आमच्या शॉपमध्ये आहे, सर.

हात लावून खात्री पटल्यावरच पुढचं काम धरलं. जोड पॉलिश पेपरने घासला, घट्ट कालवलेलं रेझिन आतपर्यंत दाबलं, वरून काचेच्या कापडाची पट्टी बसवली. भोकं भरली. रबर परत लावताना प्रत्येक स्क्रूला पाणी अडवणारं सीलंट लावून घेतलं. फोरमनने एकही स्क्रू कोरडा मारला नाही, कारण मी शेजारून हललेच नाही.

शनिवारी वारा चांगलाच होता. साडीवर लाइफ जॅकेट चढवून मी बोटीत बसले. कमिटी काठावर खुर्च्यांत. नफीसभाईंनी शिड ओढलं, बोट सुसाट निघाली आणि त्यांनी ती मुद्दाम एका अंगावर घेतली. माझ्या बाजूला आभाळ आणि समोरच्या बाजूला नुसतं पाणी. रबराची पट्टी पाण्याखाली गेलेली मला दिसत होती. मी जाम घाबरले होते, पण नजर हटवली नाही. मग दुसरी बाजू. पुन्हा पहिली.

बोट सरळ झाल्यावर मी तळाचं झाकण काढलं. जोड घासताना आत पडलेली पांढरी भुकटी जशीच्या तशी कोरडी पडली होती. फुंकर मारली तर उडाली. इतका आनंद मला कुठल्या मोटारीनेही दिला नव्हता.

काठावर उतरल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं, बोट आता ठीक आहे. आणि आधी गळत होती. नफीसभाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते.

“मैंने कब कहा कि झूठ बोल रहे हैं?” तिवारीसाहेब म्हणाले.

कमिटीने क्लास सोमवारपासून सुरू करायला सांगितले. नफीसभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

पुढे रिटायर होईपर्यंत शॉपमध्ये कुणी म्हणालं, ऑपरेटर खोटं बोलतो, मशीनला काही झालेलं नाही, की मी एवढंच विचारायची, मशीन लोडवर असताना बघितलंत का? बहुतेक वेळा बघितलेलं नसायचं.