तेल पिणारी गाडी

मुलांनो, तुमचा बाबा काल फोनवर म्हणाला, "आई, ती गाडी भंगारात दे आता." म्हणून आजच लिहिते. आपली छोटी गाडी इंजिन ऑइल फार पिते, चढावर निळसर धूर सोडते, हे खरं आहे. म्हणून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, मी जुन्या साडीच्या फडक्याने तेलाची पट्टी पुसून पातळी बघते आणि कमी पडलेलं तेल घालते.

शेजारच्या मालतीबाई हसतात, "अहो, गाडी आहे की बाळंतीण? रोज तेल!"

"म्हातारी आहे," मी म्हणते. "म्हाताऱ्यांची रोज विचारपूस करावी, म्हणजे त्या घाटही चढतात."

परवा तिनं मला घाट चढवून माहेरी नेलं आणि सुखरूप परत आणलं. तुमच्या बाबाला मी स्पष्ट नकार दिला. गाडी अजून दारात आहे, आणि ती मीच चालवते.